निवडून काढणें : एका इंग्रजी क्रियापदाचा विचार

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस मोठमोठ्या शब्दांची भीति वाटते, असा पुष्कळ पालकांचा समज आहे. आम्हांस मात्र निराळेंच दिसतें. मोठा शब्द आला म्हणजे विद्यार्थी सावध होतो, कोश पाहतो, अर्थ वहींत उतरून घेतो आणि पाठ करतो. त्याची फसगत होते ती लहान शब्दांपाशीं. 'पिक' हा शब्द त्याला अगदीं खालच्या इयत्तेपासून ठाऊक असतो. 'आउट' तर क्रिकेट खेळणाऱ्या प्रत्येक पोराच्या तोंडीं असतो. परंतु हेच दोन शब्द एकमेकांच्या सोबतीनें वाक्यांत आले कीं दोहोंचा मिळून अर्थ काय, हें त्याला उमगत नाहीं. 'पिक' म्हणजे उचलणें आणि 'आउट' म्हणजे बाद; तेव्हां 'पिक आउट' म्हणजे 'उचलून बाद करणें', असें भाषांतर होऊन बसतें. लेखकानें ज्याला शंभरांतून निवडलें, तोच बिचारा विद्यार्थ्याच्या वहींत बाद ठरतो!

विद्यार्थिमित्रहो, या एका क्रियापदाचा विचार आज थोड्या विस्तारानें करावा, असें आम्हीं योजिलें आहे. यांत आमचे हेतु दोन आहेत. या क्रियापदाची किल्ली आपल्या मराठींतच आहे, हें दाखविणें हा पहिला. दुसरा हेतु पालकांस व शिक्षकांसहि उद्देशून आहे. निवड करणें ही गोष्ट केवळ व्याकरणाची नाहीं. शेतांत, घरांत, बाजारांत आणि शाळेंत आपण सर्वजण ती रोज करीत असतों, आणि ती कशी करावी याविषयीं आमचें कांहीं मत आहे.

प्रथम एक दिलाशाची गोष्ट सांगतों. अशीं क्रियापदें परक्यास कठीण वाटतात याचें कारण शहापूरच्या किंवा मुरबाडच्या मुलाची बुद्धि मंद आहे, हें नव्हे. सॅम्युएल जॉन्सन या पंडितानें आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश १७५५ सालीं प्रसिद्ध केला. क्रियापदापुढें एखादें लहानसें अव्यय जोडून त्याचा अर्थ पालटण्याची इंग्रजीची रीत परदेशी माणसास सर्वांत अधिक अडचणीची आहे, असें त्यानेंच त्या कोशाच्या प्रस्तावनेंत कबूल केलें आहे. अशा क्रियापदांस 'फ्रेजल व्हर्ब' हें नांव तर पुष्कळ उशिरां मिळालें. लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकांत तें छापून आलें, आणि तें सुचविलें होतें कोशकार हेन्री ब्रॅडली यांनीं. म्हणजे ज्यांची ही मातृभाषा, त्यांनाहि या प्रकारास नांव ठेवावयास इतका काळ लागला. मग आपण थोडे अडखळलों तर त्यांत लाजण्याजोगें कांहीं नाहीं.

आतां मूळ शब्दांकडे वळूं. बोटांच्या टोकांनीं किंवा पांखरानें चोंचीनें एकेक वस्तु उचलावी, फूल खुडावें, दाणा टिपावा, ही 'पिक' या क्रियेची घरगुती रूपें होत. तिच्यांत घाई नाहीं, ओंजळ भरून घेणें नाहीं. एकेक उचलणें आहे. 'आउट' म्हणजे बाहेर. पण कशाच्या बाहेर? राशीच्या, गर्दीच्या, ढिगाच्या बाहेर. म्हणून 'पिक आउट' या क्रियापदांत नेहमीं तीन गोष्टी गृहीत असतात. पुष्कळांचा एक समुदाय असतो. त्यांतील एकावर किंवा थोडक्यांवर नजर स्थिरावते. आणि तें एक इतरांपासून वेगळें होतें. यांपैकीं समुदाय नसेल तर हें क्रियापद वापरतां येत नाहीं. दुकानांत एकच टोपी असेल तर ती विकत घेतां येईल, परंतु 'पिक आउट' करतां येणार नाहीं.

मराठींत हेंच काम कसें होतें, तें पाहा. 'निवडणें' हें आपलें मूळ क्रियापद. त्याच्यापुढें आपण दुसरें लहानसें क्रियापद जोडतों आणि अर्थाला निरनिराळी दिशा देतों. लुगडें स्वतःसाठीं 'निवडून घेतात'. ग्रामपंचायतीचा सदस्य आपण 'निवडून देतों' आणि तो 'निवडून येतो'. ढिगांतला चांगला आंबा मात्र आपण 'निवडून काढतों'. घेणें, देणें, येणें, काढणें या साध्या क्रिया येथें आपला मूळ अर्थ थोडा बाजूस ठेवून पहिल्या क्रियापदाची सेवा करितात. इंग्रजींत क्रियापदामागून येणारें अव्यय जें काम करतें, तेंच मराठींत क्रियापदामागून येणारें दुसरें क्रियापद करतें. ही गोष्ट एकदां ध्यानांत आली म्हणजे पुष्कळ कुलुपें उघडतात. 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढणें. 'वॉश आउट' म्हणजे धुऊन काढणें. 'पिक आउट' म्हणजे निवडून किंवा वेंचून काढणें. येथें 'आउट'च्या जागीं 'काढणें' किती सहज बसलें! अर्थात् एका किल्लीनें सगळींच कुलुपें उघडत नाहींत. दिवा 'गोज आउट' म्हणजे विझतो, आणि घरांतलें मीठ 'रन्स आउट' म्हणजे संपतें. तेथें 'काढणें' चालणार नाहीं. परंतु किल्लीनें दहांपैकीं पांच कुलुपें उघडलीं तरी ती फेंकून देण्याचें कारण नाहीं.

'पिक आउट'चे जे निरनिराळे अर्थ कोशांत दिलेले असतात, ते सगळे त्याच तीन गोष्टींतून फुटलेले आहेत. पहिला अर्थ निवडून काढणें. पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यांत म्हशाची जत्रा भरते आणि गुरांचा मोठा बाजार लागतो. तेथें आलेला जाणता शेतकरी बैलाचे दांत पाहतो; आदत आहे, दोन दाती आहे कीं जुळलेला आहे, तें ठरवितो; खांदा चांचपतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून चाल पाहतो, आणि मग दावणींतून एक जोडी निवडतो. यास इंग्रजींत खुशाल 'पिक आउट' म्हणावें. दुसरा अर्थ पुष्कळांतून ओळखणें किंवा नजरेनें वेगळें करणें. आसनगांवच्या बाजूनें माहुलीच्या डोंगराकडे पाहिलें तर प्रथम सगळे सुळके एकांत एक मिसळलेले वाटतात. जाणता माणूस मात्र त्यांतून नवरा-नवरीचे सुळके नेमके दाखवितो. येथें कोणीहि कांहीं उचलून घेत नाहीं, तरी क्रियापद तेंच. हात गेला आणि डोळा आला, इतकाच फरक. तिसरा अर्थ गाण्याचा. ज्याला पेटी वाजवितां येत नाहीं, असा मुलगा कानावर पडलेली चाल एकेक पट्टी दाबून शोधतो, तेव्हां तो पुष्कळ सुरांतून हवा तो सूर वेंचीत असतो. चवथा अर्थ रंगाचा. पाटीवर बाकीचा भाग निळा ठेवून अक्षरें पांढऱ्या रंगानें उठविलीं, तर तीं अक्षरें 'पिक्ड आउट' झालीं, म्हणजे उठून दिसूं लागलीं. चार अर्थ चार ओळींत पाठ करण्यापेक्षां त्यांचें हें एक मूळ ध्यानांत धरावें, हें बरें.

वाक्यरचनेचा एकच नियम लक्षांत ठेवावा. कर्म जर नाम असेल तर तें 'आउट'च्या आधीं किंवा नंतर कोठेंहि चालतें. परंतु सर्वनाम असेल तर तें मध्येंच आलें पाहिजे. 'पिक इट आउट' हें शुद्ध. 'पिक आउट इट' हें अशुद्ध. परीक्षेंत जे गुण जातात, त्यांतले पुष्कळ याच ठिकाणीं जातात.

आतां या क्रियापदाचे शेजारी. 'चूज' हें सर्वांत व्यापक. दोन वस्तूंतून एक घेतली तरी तें चालतें. 'सिलेक्ट' हें विचारपूर्वक, कांहीं कसोटी लावून केलेल्या निवडीस शोभतें. 'इलेक्ट' मतें देऊन निवडण्यास. 'वीड आउट' म्हणजे तण उपटावें तसें नको तें काढून टाकणें. 'सॉर्ट आउट' म्हणजे प्रतवारी लावणें, आणि त्यावरून एखादा गुंता सोडविणें. 'पिक ऑन' याचा तर निवडीशीं फारसा संबंध उरलेला नाहीं. एखाद्याच्या विनाकारण मागें लागणें, त्यालाच टोंचीत राहणें, असा त्याचा अर्थ आहे. आणि 'सिंगल आउट' म्हणजे पुष्कळांतून एकट्यालाच वेगळें काढणें, मग तें कौतुकासाठीं असो वा दूषणासाठीं असो. या शेवटल्या शब्दाकडे आम्ही पुन्हां येणार आहों.

येथें कोणी पालक विचारतील कीं, आतां हातांतल्या फोनवर शब्द घातला कीं क्षणांत अर्थ मिळतो. मग एवढा खटाटोप कशासाठीं? प्रश्न योग्य आहे. मोल्सवर्थ यांनीं जॉर्ज व थॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्यानें सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला, आणि १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत त्याची शब्दसंख्या सुमारें ६०,००० वर गेली. थॉमस कँडी यांनीं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. हे ग्रंथ म्हणजे मराठी शब्दांचीं मोठीं कोठारेंच होत. परंतु कोश असो वा फोन असो, तो आपल्यापुढें अर्थांची रास ओततो. त्या राशींतून या वाक्याला लागू पडणारा एक अर्थ निवडून काढण्याचें काम वाचकाचेंच राहतें. तें काम जो यंत्राकडे सोंपवितो, त्याला यंत्र जो अर्थ प्रथम देईल तोच गिळावा लागतो. 'पिक आउट' या शब्दाचा अर्थ कळण्यासाठींहि 'पिक आउट' करण्याची कला अंगीं असावी लागते.

आणि ही कला आमच्या तालुक्यांतील मुलांस नवी आहे काय? मुळींच नाहीं. शहापूर व मुरबाड हा भातशेतीचा मुलूख. राब भाजण्यापासून ताटांत भात येईपर्यंत निवडण्याच्या किती क्रिया होतात आणि त्यांना किती नांवें आहेत, हें मोजून पाहा. लावणीनंतर शेतांतलें तण उपटतात, ती बेणणी. 'वीड आउट' या शब्दाचा अक्षरशः अर्थ तेथें बांधावर उभें राहून पाहावा. खळ्यावर वाऱ्यानें भूस वेगळें करतात, तें उपणणें. सुपानें कोंडा उडवितात, तें पाखडणें. सूप हलवून कणी एकीकडे आणि अख्खा तांदूळ एकीकडे करतात, तें घोळणें. जाळीतून बारीक-जाड वेगळें करतात, तें चाळणें. आणि शेवटीं ताटांत पसरून हातानें करतात, तें निवडणें. रानांत गेलें तर तेथेंहि तेंच. उन्हाळ्याच्या तोंडाशीं पहांटे मोहाखालीं पडलेलीं फुलें वेंचतात. पावसाळ्यांत टाकळा, कुर्डू खुडतात. पहिल्या पावसाबरोबर उगवणारीं शेवळें ओळखून आणतात, त्यांतला खाजरा भाग काढून टाकतात आणि काकडाचीं फळें घालून भाजी शिजवितात. ज्या आईला शाळेंत इंग्रजी वाचण्याची संधि मिळाली नाहीं, तिच्यापाशीं या एका विषयाचे दहा शब्द आहेत, आणि दहांच्या दहा छटा तिला ठाऊक आहेत. विद्यार्थ्यानें तिच्याकडून ते शिकावेत. मग इंग्रजी छटा त्याला आपोआप दिसूं लागतील.

तांदूळ निवडण्यांत तर एक मौज आहे. 'आई तांदूळ निवडते' असें आपण म्हणतों. परंतु तिच्या बोटांकडे पाहा. बोटें तांदूळ उचलीत नाहींत. तीं खडा उचलतात, भाताचा दाणा उचलतात, किडा उचलतात. हात जातो नकोशा वस्तूकडे, आणि क्रियापदाचें कर्म होतें हवी ती वस्तु. इंग्रजींत हें वाक्य सांगतांना शब्द फोडावे लागतात. तांदळाच्या बाबतींत 'पिक ओव्हर' म्हणावें आणि खड्यांच्या बाबतींत 'पिक आउट' म्हणावें. 'शी पिक्ड आउट द राइस' असें लिहिलें तर तिनें खडे ताटांत ठेवून तांदूळ उचलले, असा भलताच अर्थ होईल. दोन्ही भाषा आपापल्या परीनें बरोबर आहेत. परंतु एकीचा पोशाख दुसरीला चढविला तर तो अंगाला बसत नाहीं, हें यावरून दिसतें.

बियाण्याची निवड ही याहून कसोटीची. १० लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत भाताचें बियाणें ओततात व ढवळतात. पोचट व हलके दाणे वर तरंगतात, ते काढून टाकतात. भरलेले दाणे तळाशीं बसतात, ते दोन-तीन वेळां स्वच्छ पाण्यानें धुऊन सावलींत वाळवितात व पेरतात. ही पद्धति कृषिखातें शेतकऱ्यांस सांगत आलें आहे. याच्याहि पुढची पायरी शास्त्रज्ञांची. मुरबाडास लागून असलेल्या कर्जत तालुक्यांत भातसंशोधनाचें केंद्र १९१९ सालीं निघालें. नवें वाण निवडण्याची जुनी रीत अशी कीं, शेतांतून उत्तम दिसणाऱ्या लोंब्या एकेक वेगळ्या काढावयाच्या, प्रत्येक लोंबीचें बी निराळ्या ओळींत पेरावयाचें, ओळींची एकमेकींशीं तुलना करावयाची, आणि वर्षानुवर्षें सरस ठरलेल्या ओळीचेंच बी पुढें वाढवावयाचें. एका लोंबीस हजारांतून असें वेगळें काढणें, याला 'सिंगल आउट' हा शब्द अगदीं चपखल आहे.

येथवर कोणाचाहि मतभेद होणार नाहीं. परंतु आतां आम्हांस थोडें कडू बोलावयाचें आहे. बियाण्यास जो न्याय लागूं पडतो, तोच न्याय आपण मुलांस लावीत आहों काय? वर्ष सुरू होऊन दोन महिने झाले नाहींत, तोंच वर्गांतलीं चार मुलें 'हुशार' म्हणून पहिल्या बांकावर येतात आणि कांहीं मुलें शेवटच्या बांकावर कायमचीं स्थिर होतात. महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकवितात. त्यापूर्वी मराठी शाळांत तें पांचवींत सुरू होत असे. हें चांगलेंच झालें. परंतु वाड्यापाड्यांवरच्या कित्येक मुलांची घरची बोली ठाकरी किंवा कातकरी असते. त्यांना शाळेची मराठी हीच एक नवी भाषा, आणि इंग्रजी ही तिच्यावरची दुसरी. दिवाळीनंतर कित्येक कातकरी कुटुंबें वीटभट्टीच्या कामास जातात, तीं पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्याबरोबर गेलेलें मूल परत वर्गांत येऊन बसतें, तेव्हां पुस्तक निम्म्याहून पुढें गेलेलें असतें. अशा मुलास उभें करून सर्वांदेखत 'तुला एवढेंहि येत नाहीं?' असें विचारणें, याला इंग्रजींत शब्द आहे 'सिंगल आउट'; आणि तें रोज घडूं लागलें म्हणजे त्यास 'पिक ऑन' म्हणतात. या दोन शब्दांचे अर्थ त्या मुलास कोणत्याहि कोशाविना कळतात.

कोणी म्हणेल कीं, निवड ही करावीच लागते. नवोदय विद्यालयाच्या परीक्षेस बसणाऱ्या सर्वांनाच प्रवेश कसा मिळेल? कबड्डीच्या संघांत सातच गडी उतरतात. हें खरें आहे, आणि निवडीस आमचा विरोध नाहीं. परंतु मिठाच्या पाण्यांत तरंगलेला दाणा उद्यांहि पोचटच राहणार. मुलाचें तसें नाहीं. आज मागें राहिलेलें मूल एका पावसाळ्यांत पुढें जातें, आणि कधीं पुढचें मागें पडतें. म्हणून दाण्याची निवड एकदां करून भागतें. मुलाची निवड एका कामापुरती, एका प्रसंगापुरती असावी, आणि पुढच्या प्रसंगीं रास पुन्हां सारखी करून घ्यावी. शिक्षकांस आमची विनंति इतकीच आहे कीं, आपण वहींतली चूक निवडून काढा. वर्गांतलें मूल निवडून काढूं नका. तांदूळ निवडणारी आई खडा बाजूस टाकते. खड्यासाठीं तांदळाची मूठ कोणी उकिरड्यावर फेंकीत नाहीं.

पालकांसहि दोन शब्द. कित्येक घरांत हल्लीं असें बोललें जातें कीं, मुलानें पुढें जावयाचें तर इंग्रजी निवडावी आणि मराठीचा नाद सोडावा. इंग्रजी अवश्य शिकवावी. ज्ञानाचे मोठे दरवाजे तिनें उघडतात, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु वर दाखविलेंच आहे कीं, इंग्रजीच्या एका क्रियापदाची ओळख पटविण्यास आम्हांस खळें, सूप, मोह, म्हशाचा बाजार इतक्यांची मदत घ्यावी लागली. ज्याच्यापाशीं घरचे शब्द नाहींत, त्याला परके शब्द ठेवावयास जागाच उरत नाहीं. एक भाषा निवडली म्हणून दुसरी बाद झाली, असें समजणें म्हणजे 'पिक आउट'चें तेंच सुरवातीचें चुकीचें भाषांतर पुन्हां करणें होय.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत एक काम करा. घरांतल्या वडील माणसांजवळ बसा आणि धान्य, भाजी, फूल, गुरें, मासे, लांकूड यांची निवड करतांना ते कोणकोणते शब्द वापरतात, तें विचारून वहींत लिहून घ्या. ठाकरी, कातकरी, वारली, आगरी अशा बोलींतले शब्द असतील तर तेहि लिहा. ते गांवढळ म्हणून वगळूं नका. प्रत्येक शब्दापुढें हात काय करतो, डोळा काय पाहतो आणि काय ठेवतात, काय टाकतात, हें एका वाक्यांत लिहा. मग इंग्रजीचा कोश उघडून 'पिक आउट', 'पिक ओव्हर', 'वीड आउट', 'सॉर्ट आउट' आणि 'सिंगल आउट' यांपैकीं कोणतें क्रियापद त्याला जुळतें, तें ठरवा. एखादा शब्द यांपैकीं कोणालाच जुळणार नाहीं. तो अवश्य वेगळा लिहून ठेवा व शाळा उघडल्यावर आपल्या शिक्षकांस दाखवा. अशा शब्दांची एक यादी पुढील अंकांत छापावी, अशी आमची इच्छा आहे.